हाइटचे ठिपके

“थांब!”

हिल्के ओरडली तेव्हा पूल हातभर वर उचलला गेला होता आणि पोस्टवाल्या बाईची सायकल अजून पुलावरच होती. सायकल घसरत मागे आली, फाटकावर आदळली. टोपलीतली पाकिटं कालव्यात पडली आणि बदकांसारखी एकामागोमाग एक तरंगत निघाली.

पूल तसाच अधांतरी थांबला. केबिनच्या काचेमागे तिचे हाइट, म्हणजे वडील, दोन्ही हात बटणांवरून वर उचलून उभे होते.

पोस्टवाली उठली, गुडघे झटकले आणि केबिनकडे बघून म्हणाली, “हारमेन, तेवीस वर्षं या पुलावरून जातेय मी. उडवायचंच होतं तर आधी सांगायचं, मी पंख लावून आले असते!” आणि मग ती रस्त्यातच बसली.

“मी बघितलं होतं,” हाइट म्हणत होते. “डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मधलं तेवढं गेलं.”

तेवीस काय, एकतीस वर्षं ते बोटींसाठी हा पूल उघडत होते. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, फाटक पाडायचं, पुन्हा दोन्हीकडे बघायचं. फ्रीसलंडमधल्या त्या गावात कुणाच्या घड्याळावर विश्वास नसेल, पण हारमेनच्या पुलावर होता.

घरी आल्यावर हिल्केने कॉफी ठेवली. “हाइटला दूध हवंय?” तिने विचारलं. त्यांच्याकडे बापाला ‘तू’ म्हणत नाहीत आणि ‘तुम्ही’ही म्हणत नाहीत. समोर बसलेल्या बापाशीसुद्धा ‘हाइट’ म्हणूनच बोलायचं, जणू काही तो शेजारच्या खोलीत आहे. आईशी बोलताना ‘मेम’. चव्वेचाळीस वर्षांत हिल्के हे कधी चुकली नव्हती.

“मघाशी मी... चुकून ‘थांब’ म्हणाले.”

“म्हणून तर थांबलो,” हाइट म्हणाले. “‘हाइटने थांबावं’ म्हणत बसली असतीस तर ती बाई आता पाकिटांबरोबर पोहत असती.”

दोघं हसले. मेमला जाऊन पाच आठवडे झाले होते.

हिल्के संडासात गेली. दारासमोर वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं होतं, सगळ्यांच्या घरी असतं तसं. त्यात वार नसतात, साल नसतं, फक्त तारखा आणि माणसांची नावं. ऑक्टोबरच्या पानावर दोन चुलत भावंडांची नावं होती. आणि ठिपके. रोजच्या तारखेपुढे शाईच्या पेनाचे बारीक ठिपके, कुठे नऊ, कुठे चौदा, कालच्या तारखेपुढे एकवीस. तिने मागचं पान उलटलं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून ते सुरू झाले होते.

तिने कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि स्वयंपाकघरात आणून टेबलावर ठेवलं.

“हे काय आहे?”

हाइटनी चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली. “झटके.”

“कसले?”

“डोक्यातले. डोळे फिरवले की येतात. गाईंच्या कुंपणाच्या तारेला हात लागतो ना, तसं. एक क्षण सगळं जातं, मग परत येतं. आणि रडू. स्वप्नं तर विचारू नकोस.”

“कधीपासून?”

“तुझी मेम गेली, त्यानंतर चार-पाच दिवसांनी.”

“आणि मला सांगितलं नाही?”

“सांगायचं काय त्यात? बायको गेल्यावर होत असेल सगळ्यांनाच. शेजारच्या बाउक्येचा नवरा गेला तेव्हा मी तिला विचारलं होतं का, तुला झटके येतात का म्हणून? मी माझ्या परीने करतोय की. पहाटे बांधावरून चालतो, वारा समोरून असेल त्याच दिशेने. थंड पाण्याने अंघोळ. ताक. बाउक्ये कसला तरी पाल्याचा चहा देते, तोही पितो. झटका आला की तुझ्या मेमचं नाव घेतो, ‘ग्रीट’ म्हणतो एकदा. मग घरी येऊन ठिपके देतो.”

हिल्केने बिस्किटांचा डबा काढला. एक बिस्किट त्यांच्या बशीत, एक आपल्या, आणि झाकण लगेच बंद, मेमची शिस्त. डबा परत ठेवताना कपाटात मागे एक खोका दिसला. औषधाच्या दुकानाची चिठ्ठी आणि खाली मेमचं अक्षर: ‘हा., सकाळी १.’ आत गोळ्यांची पाकिटं होती. एकातल्या निम्म्या गोळ्या संपलेल्या. गोळीचं नाव तिने दोनदा वाचलं.

“ही तर नैराश्याची गोळी आहे. कुणाची?”

“माझीच असेल. तुझी मेम बशीत ठेवायची, बिस्किटाशेजारी.”

“कधीपासून?”

“त्या हिवाळ्यापासून. अकरा वर्षं होतील.”

“त्या हिवाळ्यात हाइटची कंबर धरली होती. सहा आठवडे अंथरुणात होते. मेमने मला फोनवर...”

“कंबर नव्हती ती,” हाइट म्हणाले.

हिल्के खुर्चीवर बसली. अकरा वर्षं ती दर शनिवारी या टेबलाशी कॉफी प्यायली होती. त्या बशीत तिला नेहमी बिस्किट तेवढं दिसलं होतं.

“मग बंद का केली?” तिने खोका पुढे सरकवला. “अशी एकाएकी कुणी बंद करतं?”

“मी कुठे बंद केली?” हाइट खरोखरच गोंधळले. “बशीत यायची बंद झाली.”

दुपारी डॉक्टरबाई घरी आल्या. त्यांनी खोका बघितला, ठिपके बघितले. मग म्हणाल्या, इतक्या वर्षांची गोळी एका दिवसात सुटली की शरीर असंच बिथरतं. आता ती पुन्हा सुरू करायची. सोडायची असेल तर नंतर बघू, पण महिनोन्‌महिने, कणाकणाने. चालणं चांगलं, वेळेवर जेवण-झोप चांगली. तो पाल्याचा चहा मात्र आजच बंद. या गोळीशी त्याचं जमेलच असं नाही. आणि तोवर पुलावर जायचं नाही.

“हे दुःखाचे झटके नाहीत, हारमेन. गोळीचे आहेत.”

हाइट कॅलेंडरकडे बघत राहिले.

“सगळेच?” त्यांनी विचारलं. “ग्रीटचा एकही नाही?”

डॉक्टरबाईंनी बॅग बंद केली, मग उघडली, मग पुन्हा बंद केली.

पुलाची किल्ली शेजारच्या गावातल्या माणसाकडे गेली. हाइट रोज सकाळी गोळी स्वतः काढून आधी बशीत ठेवायचे, आणि मगच तोंडात टाकायचे. पंधरा दिवसांत ठिपके विरळ झाले. नाताळानंतर डॉक्टरबाईंनी मात्रा थोडी उतरवली तेव्हा आठवडाभर पुन्हा दाटले आणि मग विरले. प्रत्येक उतरणीला तसंच. हाइट बांधावर चालत राहिले. मार्चपर्यंत निम्मी गोळी सुटली होती.

नऊ एप्रिलला मेमचा वाढदिवस. हिल्के केक घेऊन आली.

“झटके कसे आहेत?”

“बारा दिवस झाले. एकही नाही.” वाट बघितलेला पाहुणा आला नाही, असं सांगावं तसं ते म्हणाले.

“हे तर छानच झालं.”

“हो,” हाइट म्हणाले, आणि केक कापायला सुरी शोधू लागले. सुरी समोरच होती.

हिल्के संडासात गेली. एप्रिलचं पान कोरं पांढरं होतं. फक्त नऊ तारखेला, मेमच्या नावापुढे, एक ठिपका होता.

तिने त्याला बोट लावलं. शाई अजून ओली होती.