डाक्टरचा उपास

सावळीरामाच्या घरी सकाळी सकाळी तुपावरून जुंपली. सून तेजस्विनीने तुपाची बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली.

"आबा, कळवणला जाऊन रक्त तपासा. रिपोर्ट बरा आला तर बरणी खाली. नाय तर तुमचं तूप कायमचं बंद."

भाकरीवर तूप नसेल तर सावळीराम ताटावर बसत नाही, हे अख्ख्या आळीला माहीत. घरची म्हैस, घरचं लोणी. त्याच्या जिवाला घोरच लागला.

धोंडाबाईला मात्र नवऱ्याची जिरवायची आयतीच संधी मिळाली. "मी कवाधरनं सांगते, तूप जड. माझ्यासारखं भुईमुगाचं तेल खावं. कसं हलकं!"

"मंग तूबी चल. दोघांचं रगत बघू!"

त्याने लगेच लॅबला फोन लावला. "सकाळी उपास धरून बोलीवलंय," फोन ठेवत तो म्हणाला.

"कुठला उपास? उद्या तर बुधवार."

"डाक्टरचा उपास!"

उपास म्हटल्यावर आमच्याकडे दुसरं काय होणार? पहाटेच साबुदाण्याची खिचडी झाली. उपासाला तूप चालतं असं सुनेला बजावून त्याने आपली तुपात परतून घेतली. धोंडाबाईने हट्टाने तेलात केली. शेंगदाण्याचं कूट दोघांच्याही खिचडीत सढळ हाताने पडलं. मग एसटी, मग लॅबमधली रांग.

रक्त काढणाऱ्या दीपकने नळ्या यंत्रात फिरवून बाहेर काढल्या आणि बघतच राहिला. रक्तावरचं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं.

"आबा, काय खाऊन आलात?"

"काय नाय. उपास हाय. नुसती खिचडी."

"अहो, उपाशी या म्हनलो होतो! उपास धरून नाय!"

बाकावरची सगळी माणसं हसली. धोंडाबाई पुढे सरकली. "यांचं तुपामुळं पांढरं. माझं बघ की."

"तुमचंबी तसंच हाय, मावशी. तूप खा नाय तर तेल, खाल्ल्यावर काही तास चरबी रक्तात दिसतीच. रोजच्या खाण्याचा हिशेब उपाशी पोटीच कळतो. परवा या. पाण्याशिवाय काय घेऊ नका."

ठरल्या दिवशी दोघं खरोखरच उपाशी गेली. सावळीरामाचा रिपोर्ट ठीक निघाला, चमचाभर तूप चालेल म्हणाले डॉक्टर. चरबी वाढली होती ती धोंडाबाईची.

"तेल तुपापेक्षा बरं, बाई," डॉक्टर म्हणाले, "पण ओतता किती?"

तेल हलकं म्हणून तिचा हात कायम सैल. भाजीवर बोटभर तवंग, रोज तळलेले पापड. तिने आपला रिपोर्ट घडी करून पिशवीत कोंबला. सावळीरामाने मात्र परतताना अख्ख्या एसटीला आपला रिपोर्ट ऐकवला.

संध्याकाळी बरणी खाली आली. सावळीरामाने ऐटीत चमचा बुडवला आणि समोर पाहिलं. धोंडाबाईच्या ताटात कोरडी भाकरी आणि बिनतवंगाची भाजी. एरवी तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, आज खाली मान घालून घास चावत होती. त्याला फार वाईट वाटलं. चमचा काही भाकरीकडे वळेना.

"घ्या की," ती म्हणाली. "जिकलात ना?"

त्याने चमचा बरणीत निथळवला आणि झाकण लावलं. "आज उपास हाय माझा."

धोंडाबाईचे डोळे भरून आले. पण तोंड गप्प बसतंय होय?

"मंग थांबा," ती उठत म्हणाली, "खिचडी टाकते."