वसंताबाईंची पेटी

सेतुमाधवरावांच्या हिशेबी जॉर्ज टाउनमधला मलेरिया संपला होता, आणि त्याच जॉर्ज टाउनमध्ये त्यांची आई तीन चादरींखाली दात वाजवत पडली होती.

हा हिशेब कौमुदीच्या हातून गेलेला. ती साताऱ्याची, गणितात एम.एस्सी., त्याच तमिळ शहरातल्या अण्णा नगरच्या एका संशोधन संस्थेत नोकरीला. डास किती, ताप किती, फवारणी किती, हे मॉडेलमध्ये घालायचं आणि कुठल्या वॉर्डातला रोग कधी हटेल ते काढायचं, हे तिचं काम. सेतुमाधवराव तिचे साहेब. २००४चा उन्हाळा होता, नळ कोरडे ठाक. गच्चीवरच्या टाक्या रिकाम्या, म्हणून मॉडेलने डासही नाहीत असं धरलं. पण माणसं काय पाण्यावाचून जगत होती? टँकर आला की घागरी घेऊन झुंबड उडायची आणि घरोघरी जिन्याखाली पिंपं भरली जायची. पिंपांना मॉडेलमध्ये जागाच नव्हती.

"पिंपं कशाला आणतेस गे मध्ये?" साहेब नाक मुरडत म्हणाले होते. "सोमवारच्या बैठकीत शून्य दिसलं पाहिजे. सरि? ठीक?"

शून्य दिसलं की फवारणीची टोळी जॉर्ज टाउनमधून उठणार आणि साहेबांच्या गळ्यात हार पडणार. कौमुदीला शिसारी आली, तरी तिने पिंपं वगळूनच आकडे भरले.

साहेबांची आई, वसंताबाई, मूळच्या तंजावरच्या, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहणाऱ्या. मराठी बोलायला मिळतं म्हणून त्या कौमुदीला दर शुक्रवारी जेवायला बोलवत. त्या शुक्रवारी चूल थंड होती. कौमुदीने त्यांना रिक्षात घालून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं; मलेरियाच. परत आल्यावर तिने जिन्याखालच्या पिंपात डोकावलं. पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडव्या पडलेल्या, मलेरियाच्याच डासाच्या अळ्या वळवळत होत्या.

तिने साहेबांना फोन केला. ते तासाभरात हजर! इतक्या वर्षांत आईला चार दिवस घरी नेलं नव्हतं. बायकोला चालत नाही, जागा नाही, कारणं काय कमी असतात? आज मात्र त्यांनी स्वतः कपाटावरून पेटी काढली.

"कौमुदी, बघितलंस? माझा लेक मला न्यायास आला गे!" वसंताबाईंचे डोळे भरून आले. तापातही त्यांनी नवी साडी नेसायचा हट्ट धरला.

साहेबांनी कौमुदीला व्हरांड्यात गाठलं. "इथला रिपोर्ट फाडून टाक. तिकडे परत तपासून घेतो. अम्मा अण्णा नगरची केस होईल."

"डास इथे चावलाय, सर."

"रुग्ण राहतो तिथली केस. आता ती माझ्याकडे राहते."

आतून वसंताबाई विचारत होत्या, देव्हारा बरोबर घेऊ का? या माणसाने आईलासुद्धा आकड्यासारखं उचलून दुसऱ्या रकान्यात ठेवलं होतं, आणि म्हातारी हरखून गेली होती. सांगावं तर तिचं सुख मोडतं. न सांगावं तर गल्लीतल्या प्रत्येक पिंपाशेजारी कुणीतरी असंच कुडकुडणार.

सोमवारी बैठकीत पडद्यावर आलेख उमटला. शेपटीला शून्य नव्हतं. रेघ वर चढत होती. कौमुदीने पिंपं घातली होती आणि एक रुग्णही.

"कोण हा रुग्ण?" वरिष्ठांनी विचारलं.

"वसंताबाई, जॉर्ज टाउन," ती म्हणाली. "सेतुमाधव सरांच्या आई."

साहेब घाम पुसत राहिले. फवारणीची टोळी जिथल्या तिथे राहिली. कौमुदीला वाटलं, चला, निदान एक घाण तरी धुतली.

संध्याकाळी ती जॉर्ज टाउनला गेली ती पिंपावर फळी टाकायला. दार उघडं होतं. वसंताबाई कॉटवर बसलेल्या, तीच नवी साडी, आता चुरगळलेली. पायाशी पेटी होती. तिचा पट्टासुद्धा सुटला नव्हता.

"दुपारी ऑफिसातून आला तो मला इथे परत सोडूनच गेला गे," त्या म्हणाल्या. "म्हणाला, अम्मा, आता काही उपयोग नाही. उपयोग कसला, मला कळलं नाही. तुला कळलं?"