लाभ, दोन, तीन

लतिकाने पातेल्यात तांदळाची पहिली वाटी ओतली आणि टेबलापाशी बसलेला दिगंबर सवयीने पुटपुटला, "लाभ."

ती दुसरी वाटी भरायला वळली, पण मागून 'दोन' आलंच नाही. तिने पाहिलं तर नवऱ्याच्या हातातला चहाचा कप मध्येच थांबलेला.

"काय झालं हो?"

"लतिका, काल मी एकाच ओळीत दोनदा लाभ म्हणालो."

"म्हणजे?"

"म्हणजे आज वॉल्टरचा हात जाईल."

लतिकाने वाटी खाली ठेवली. चौतीस वर्षांच्या संसारात या माणसाने कधी अतिशयोक्ती केली नव्हती. भाजीत मीठ जास्त झालं तरी तो 'किंचित' म्हणायचा.

दिगंबरला अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये येऊन वीस वर्षं झाली होती. एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून नोकरी, घराला तळघर, आणि तळघरात एक बाक. त्या बाकावर तो शेजारच्या वॉल्टरसाठी काडतुसं भरायचा. वॉल्टर शहात्तर वर्षांचा होता. वडिलांच्या जुन्या बत्तीस कॅलिबरच्या रिव्हॉल्व्हरने क्लबात नेमबाजी करणं हा त्याचा आयुष्याचा नाद. काडतुसंही स्वतः भरायचा, आणि दिगंबरला ही विद्या त्यानेच शिकवलेली. पुढे त्याची जवळची नजर अधू झाली, तराजूचा काटा दिसेनासा झाला, तेव्हा हे काम आपसूक दिगंबरकडे आलं. लतिकाच्या आईला फोनवर 'हे तळघरात दारू मोजताहेत' असं ऐकून घेरी यायचीच बाकी राहिली होती.

या छोट्या काडतुसात दारू लागते ती चिमूटभर. मोठ्या बंदुकीचं बरं असतं, चुकून दोनदा ओतली तर वरून सांडते, चूक डोळ्यांना दिसते. इथे दुप्पट ओतली तरी पितळी नळी मुकाट्याने पोटात घेते. एकदा वर शिशाची गोळी बसली की आत काय आहे ते देवालाच ठाऊक. भरलेलं काडतूस वजन करूनही कळत नाही, कारण नळ्यांच्या आणि गोळ्यांच्या वजनातच त्या चिमटीपेक्षा जास्त फरक असतो. म्हणून दिगंबर मापाच्या यंत्रावर विसंबायचा नाही. प्रत्येक चिमूट तराजूच्या तबकडीत घ्यायची, काटा स्थिर झाला की नरसाळ्यातून नळीत सोडायची, आणि तोंडाने मोजायचं. लाभ, दोन, तीन.

'लाभ' ही अचलपूरची देणगी. त्याच्या वडिलांचं तिथे धान्याचं दुकान होतं आणि मापाला बसायचा मोठा भाऊ, गुरुनाथदादा. पहिलं माप कधी 'एक' नसायचं. ते लाभ. आणि मध्येच कोणी हाक मारली, मोजणी चुकल्याचा नुसता संशय जरी आला, तरी दादा पोत्यात गेलेलं सगळं ढिगावर परत ओतायचा आणि पुन्हा लाभपासून धरायचा. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी त्याचं तेच. वॉल्टरने पहिल्या दिवशी नियम सांगितला होता, भरताना कोणी व्यत्यय आणला तर ओळीतल्या सगळ्या नळ्या रिकाम्या कर आणि पहिल्यापासून सुरू कर. दिगंबरला तेव्हा हसूच आलं होतं. हे तर आमच्या दादाचंच, असं तो म्हणाला होता.

काल संध्याकाळी ओळीतल्या चार नळ्या भरून झाल्या होत्या, तेव्हा फोन वाजला. भरताना तो फोन कधी उचलत नसे. पण अचलपूरला त्या वेळी पहाटेचे साडेतीन वाजलेले, आणि पहाटेचा फोन टाळायची हिंमत परदेशातल्या कुठल्याच माणसात नसते. पुतण्या होता, संग्राम. "काका, बाबा गेले," एवढंच तो बोलू शकला.

दिगंबरने वर येऊन लतिकाला सांगितलं, आंघोळ केली, देवापाशी जरा बसला. तिकिटाची चौकशी केली, पण काहीही केलं तरी दादाचं तोंड दिसणार नव्हतं. मग तो पुन्हा तळघरात गेला. "आज राहू द्या ना," लतिका म्हणाली होती. "वॉल्टरची उद्या मॅच आहे. मी नाही जाणार, पण त्याला तरी जाऊ दे," असं म्हणून तो बाकावर बसला, आणि हाताने आपलं काम धरलं. लाभ, दोन, तीन. दादाने शिकवलेलं अर्धं केलं, पुन्हा लाभपासून धरलं. आधी भरलेल्या चार नळ्या रिकाम्या करायचं मात्र राहून गेलं. शेवटी नळ्यांवर टॉर्च मारून बघायचा असतो, तोही मारला होता. पण डोळे भरलेले असताना टॉर्च काय दाखवणार? गोळ्या बसवल्या, पन्नास काडतुसं डब्यात भरली आणि डबा वॉल्टरच्या दारातल्या खुर्चीवर ठेवून आला.

"फोन करा ना त्याला," लतिका म्हणाली.

"तो कधीच निघाला असेल. मोबाइल कुठे आहे त्याच्याकडे? आणि क्लबात मॅचच्या वेळी कोणी फोन उचलत नाही."

"मग चला. मी ड्राइव्ह करते."

तांदूळ तसाच राहिला. दिगंबर तराजूची पेटी मांडीवर घेऊन गाडीत बसला. बाजूने कापलेल्या मक्याची शेतं मागे पडत होती आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "हॅरल्ड असेल तिथे. आज नेमबाजांच्या लाइनवर हुकूम त्याचाच."

लतिकाला हॅरल्ड माहीत होता. दोन हजार एकच्या त्या सप्टेंबरनंतर क्लबाच्या बैठकीत त्यानेच विचारलं होतं, हा माणूस घरी दारू साठवून काय करतो, हे कोणी बघितलंय का? दिगंबर समोर बसलेला असताना. तेव्हा वॉल्टर उभा राहून इतकंच बोलला होता, "तो भरतो ते मी माझ्या हातात धरून उडवतो." त्या एका वाक्यावर दिगंबरची गेली तीन वर्षं क्लबातली जागा टिकून होती.

"सगळ्यांसमोर नका सांगू," लतिका म्हणाली. "वॉल्टरला बाजूला घ्या."

"बघू."

बाजूला घ्यायला वेळच नव्हता. ते पोचले तेव्हा नेमबाज ओळीने उभे होते, बंदुका भरून झाल्या होत्या आणि हॅरल्डचा "उजवीकडे तयार?" असा आवाज ऐकू आला. वॉल्टरने हात उचलला होता. गोळीबार थांबवायचा हुकूम तिथे कोणीही देऊ शकतो, पण पंधरा वर्षांत दिगंबरने तो कधी दिला नव्हता.

"सीझ फायर!"

आपला आवाज एवढा मोठा आहे हे त्यालाही माहीत नव्हतं. सगळ्या बंदुका टेबलांवर गेल्या. माना वळल्या.

"काय झालं?" हॅरल्डने विचारलं.

"वॉल्टरची काडतुसं मी भरलीत. त्यातल्या काहींत दुप्पट दारू पडलीय."

"पडली असेल, की पडलीय?"

"पडलीय. चारांत. पण कोणत्या चारांत ते मला सांगता येणार नाही."

दिगंबरला शरमेने जमिनीने दुभंगून आत घ्यावं असं झालं. वॉल्टरने रिव्हॉल्व्हर उघडून पाच काडतुसं काढली आणि डब्यात परत ठेवली. मग हॅरल्डला म्हणाला, "माझं नाव आज काढून टाक." डबा उचलून तो व्हरांड्यातल्या टेबलाकडे चालू लागला. "तराजू आणलायस ना?" त्याने दिगंबरला विचारलं.

काडतूस उघडायला प्लॅस्टिकची हातोडी असते. तिच्या डोक्यात काडतूस अडकवायचं आणि लाकडावर आपटायचं, की गोळी सुटते, दारू मोकळी होते. वॉल्टर आपटत होता, दिगंबर दारू तबकडीत घेत होता. पण व्हरांड्यात वारा होता. तबकडीतली दारू कागदाइतकी हलकी, काटा काही थांबेना. दिगंबरने हाताचा आडोसा केला, तरी तो हलतच राहिला.

तेवढ्यात वारा पडला. त्याने वर पाहिलं. हॅरल्ड लाइन दुसऱ्याच्या हवाली करून आला होता आणि जाकीट उघडं करून, वाऱ्याकडे पाठ फिरवून टेबलाला आडवा उभा होता. तो तसाच उभा राहिला, शेवटपर्यंत.

पहिलं दुप्पट सापडलं ते वॉल्टरने रिव्हॉल्व्हरमधून काढलेल्या पाचांतलं. काटा वर जाऊन टेकला. हॅरल्डनेही तो पाहिला.

"व्यत्यय आला होता तुला," वॉल्टर म्हणाला. हा प्रश्न नव्हता. "कोण होतं?"

"फोन होता. माझा मोठा भाऊ गेला, वॉल्टर."

वॉल्टरने हातोडी खाली ठेवली. "आणि तू माझी काडतुसं भरत बसलास?"

"दुसरं काय करणार होतो?" दिगंबर म्हणाला, आणि काल फोनवर, आंघोळीत, देवापुढे जे झालं नव्हतं ते आता झालं. तो त्या टेबलापाशी बसून रडला. लतिका मागे येऊन उभी राहिली. हॅरल्ड दूरच्या निशाण्यांकडे बघत होता, पण जागचा हलला नाही.

चारही सापडली. सगळी पन्नास मोकळी झाली तेव्हा कागदी पेल्यात दारू जमली होती. अशी दारू कोणी परत वापरत नाही. ती गवतावर पसरतात, गवताला खत होतं. दोघे पेला आणि दारू उचलायचा छोटा चमचा घेऊन कुंपणापाशी गेले.

"तू पहिल्याला एक वेगळाच शब्द म्हणतोस," वॉल्टर म्हणाला. "इतकी वर्षं ऐकतोय. कुणाचा आहे?"

"भावाचा."

वॉल्टरने चमचा त्याच्या हातात दिला.

दिगंबरने चमचा भरला, खाली वाकून गवतावर रिकामा केला आणि म्हणाला, "लाभ."

पुढचा आकडा काही केल्या तोंडातून फुटेना. मग वॉल्टरने दिगंबरच्या हातातला चमचा घेतला, आपल्या थकलेल्या नजरेने चाचपडत पेल्यातून भरला, गवतावर ओतला आणि आपल्या भाषेत म्हणाला, "टू."