बोरीचा काटा

केसरीनाथनं सायकल लतीफच्या दुकानापर्यंत ढकलत आणली आणि स्टँडवर न लावता तशीच धाडकन आडवी टाकली. मानकोली नाक्यावर सकाळचा चहा पीत उभी असलेली माणसं कप हातात धरून बघत राहिली.

"जालं समाधान?" तो म्हणाला. "का अजून एखादा काटा शिल्लक हाय तुझ्या डब्यात?"

लतीफ खाली बसून कुणाची तरी ट्यूब कानशीनं घासत होता. त्यानं मान वर केली. "कसला काटा?"

"तू रोज पहाटं रस्त्यावर टाकतोस तो. घराकडनं निघतो तवा हवा टणक असते. वाटेत कुटं काय व्हत न्हाय. आन तुझं दुकान दिसलं का पुढचं चाक बसलंच. त्या चाकाला तुझं दुकान वळखता येतं काय रं?"

चहावाली माणसं हसली. लतीफ हसला नाही. हातातली कानस त्यानं बाजूला ठेवली.

पंच्याऐंशी-शहाऐंशीचा तो हिवाळा. भिवंडीत कापडाच्या लूम दिवसरात्र खडखडत होत्या आणि आजूबाजूच्या गावांतली शेतकऱ्यांची पोरं भात झोडून झालं की लूमवर जात होती. केसरीनाथ पोरगा नव्हता, चाळिशी उलटलेला बाप्या होता, पण खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतल्या भातावर घर चालेना म्हणून तोही जात होता. सकाळच्या शिफ्टला वेळेवर पोचेल अशी एस्टी गावातून नव्हती. सायकल होती म्हणून नोकरी होती. आणि त्या सायकलचं पुढचं चाक दिवाळीपासून त्याच्या जिवावर उठलं होतं.

लतीफनं उठून सायकल उभी केली, टायरवरनं बोट फिरवलं आणि चिमट्यानं काहीतरी उपटून केसरीनाथच्या नाकापुढं धरलं.

"बघ. बोरीचा काटा हाय. माझ्या दुकानामागं खाडी, पुढं हायवे. बोर कुटं दिसते तुला?"

"आणतोस कुटनं तरी."

"काटा घुसल्याबरोबर हवा जात न्हाय, केसरीनाथ. तोच भोक बुजवून बसतो. चाक फिरतं तसा आत आत सरकतो, मंग ट्यूबला लागतो. हा काटा तू घराकडनंच घेऊन आलास. म्हणून मागं बोललो व्हतो, जुन्या टायरची पट्टी कापून आत घालू. तवा काय बोललास? धंदा करतोय."

"करतोसच. आधी भोक पाडायचं, मंग ठिगळ लावायचं. बराय धंदा."

लतीफचा चेहरा काळाठिक्कर पडला. त्याचा बाप याच जागी बसून सायकली दुरुस्त करत म्हातारा झाला होता, आणि पंचक्रोशीतल्या एकानंही त्याच्या तोंडावर असलं बोलायची हिंमत केली नव्हती. त्यानं खाली बसून मुकाट्यानं पंक्चर काढलं, हवा भरली आणि सायकल केसरीनाथच्या अंगावर लोटली.

"आज तुझी ड्युटी हाय म्हणून काढून दिलं. उद्या शुक्रवार, तुझी लूम बंद. नमाज जाली का मी तुझ्या गावात येतो. काटा कुणाच्या डब्यातला ते तुझ्या गावकीसमोर दाखवतो. आन न्हाय दाखवला, तर बापाची ही जागा सोडून जातो. जा आता."

केसरीनाथ लूमवर पोचला तेव्हा शिफ्ट सुरू झाली होती. मुकादम इक्बाल दारातच उभा होता, आणि त्याच्या मागं ओट्यावर एक बदलीवाला बिडी ओढत बसला होता, कुणी उशिरा आला की त्याच्या लूमवर उभं राहायला टपलेला.

"केसरीनाथ, रोज का हो गया तेरा," इक्बाल म्हणाला. "परसों टाइम पे आया तो ठीक. नहीं आया तो तेरी लूम इसको दूँगा. फिर मेरे पास रोना मत."

बदलीवाल्यानं केसरीनाथकडं बघून बिडी विझवली. केसरीनाथच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण बोलायची सोय नव्हती. दिवसभर धागे जोडताना तो मनातल्या मनात लतीफला शिव्या घालत राहिला. लतीफ आठवून झाला की म्हादूला घालायचा.

म्हादू म्हणजे त्याचा चुलतभाऊ, शेजारच्याच घरातला. भात कापून झालं की गावातली गुरं मोकाट सुटतात, ही जुनीच रीत. मग ज्यांनी मागं वाल पेरलेला असतो ते बोरीच्या फांद्या तोडून शेताला कुंपण करतात. गेल्या साली म्हादूची म्हैस केसरीनाथच्या वालात शिरली आणि सगळा फुलोरा खाऊन गेली. तेव्हापासून बोलणं बंद. यंदा केसरीनाथनं ईर्षेनं दुप्पट कुंपण घातलं होतं. त्याच्या घराची वाट त्याच शेतातून जाई, म्हणून एक खिंड ठेवली होती आणि खिंडीत बोरीचा भलामोठा भारा अडकवला होता. पहाटे भारा ओढून बाजूला करायचा, सायकल बाहेर काढायची, भारा परत ओढून लावायचा. संध्याकाळी पुन्हा तेच.

शुक्रवारी लतीफ बोलल्याप्रमाणे निघाला. आधी नाक्यावर चार माणसांसमोर त्यानं केसरीनाथला सायकल आणायला लावली, दोन्ही टायर पुसून काटाकुटा काढला, आणि मग सायकल स्वतः हातात धरून चालत निघाला. खिशात लूमवरच्या रद्दी सुताचा गुंडा होता. थोडं चाललं की तो थांबे, चाक उचलून गरगर फिरवी आणि सूत टायरवर धरी. काटा असला तर धागा अडकणार. हायवे संपला, अडकला नाही. गावचा रस्ता संपला, अडकला नाही. देवळापाशी बसलेली माणसं उठून मागं आली. केसरीनाथ पाय आपटत सगळ्यांच्या पुढं चालत होता.

"बघ रं बाबा," तो म्हणाला, "आता माझ्या घरात जाऊन शोध."

"तिकडंच चाललोय," लतीफ म्हणाला.

शेताच्या खिंडीपाशी केसरीनाथनं रोजच्यासारखा भारा धरला आणि हिसका देऊन खरखर ओढला. लतीफनं त्याच जागेवरनं सायकल आत घेतली, चाक उचललं, फिरवलं, सूत धरलं. सुताचा गुंडा त्याच्या हातातून निसटून चाकाबरोबर फिरायला लागला.

म्हादू आपल्या ओट्यावर उभा होता, तो तेवढा खो खो हसला.

लतीफनं वाटेवरची माती हातानं चाळली. मूठ उघडून त्यानं केसरीनाथपुढं धरली. वाळके काटे होते, दिवाळीपासूनचे.

"तुझ्याच हातचे हायत," तो म्हणाला. "मोजून घे, न्हायतर उद्या बोलशील लतीफनं चोरले." त्यानं मूठ तिथंच झटकली आणि मागं वळूनही न बघता निघून गेला.

सीताबाई दारातून सगळं बघत होती. माणसं पांगली तशी ती नवऱ्यावर तुटून पडली. "किती टायमाला बोलले, भारा वढू नका, उचला? माझ्या पायाची चाळण जाली, ती दिसली न्हाय. त्या बिचाऱ्याला भर नाक्यावर चोर केलंत. तुमच्या सासऱ्यानं कधी भारा वढला व्हता? बेळक्यावर उचलून ठेवायचा."

"सासरा तुझा. माझा बाप व्हता तो."

"कुणाचा का असंना, अक्कल व्हती त्याला."

"बेळकं कुटं हाय? वाटणीत म्हादूकडं गेलं. त्याच्या दारात जाऊ मी?"

"जा. न्हायतर बदलीवाला जाईल तुमच्या लूमवर."

बेळकं म्हणजे दोन फाट्यांची लांब काठी, काट्यांचा भारा तिच्यावर अलगद उचलायची. रानात असल्या काठ्या पैशाला पासरी, दुसरी तोडायला घटकाही लागली नसती. पण वालाचा राग डोक्यात असा बसला होता की बेळकं म्हटलं की त्याला म्हादूच आठवायचा, आणि म्हादू आठवला की तो भारा आणखी जोरानं ओढायचा. स्वतःच्याच रागानं सांडलेल्या काट्यांवरून रोज सायकल काढत होता आणि पंक्चर लतीफच्या नावावर टाकत होता. हे त्याला कळलं तेव्हा त्याला स्वतःचीच इतकी चीड आली की संध्याकाळी तो जेवलाच नाही. उठला आणि म्हादूच्या दारात जाऊन उभा राहिला.

"बेळकं दे."

"आन माझी म्हैस परत वालात शिरली तर?" म्हादू म्हणाला.

"शिरू दे न्हायतर नको शिरू दे. बेळकं दे."

म्हादूनं कौलांखालून काठी ओढून काढली आणि त्याच्या हातात दिली.

रात्रीच सीताबाईनं वाट खराट्यानं झाडून काटे जाळले. पहाटे केसरीनाथनं भारा बेळक्यावर उचलून बाजूला ठेवला, वर सायकल खांद्यावर घेऊन खिंड ओलांडली. नाका आला. लतीफचं दुकान आलं. चाक टणक होतं. लूमच्या दारात बदलीवाला बसला होता. केसरीनाथला बघून तो उठला, लुंगी झटकली आणि दुसऱ्या कारखान्याच्या दिशेनं चालायला लागला. इक्बालनं नुसती मान हलवली.

संध्याकाळी परतताना केसरीनाथ नाक्यावर उतरला. चहाच्या टपरीवर तीच माणसं होती. या खेपेला त्यानं सायकल नीट स्टँडवर लावली.

"या दुकानात तुझी सायकल लागत न्हाय," लतीफ खाली मान घालून म्हणाला.

"चुकलो मी, लतीफभाय. सगळ्यांसमोर बोललो व्हतो, सगळ्यांसमोर सांगतो. चुकलो." त्याचा आवाज अजून रागातलाच होता, दुसरा आवाज त्याला येतच नव्हता. "ती पट्टी घाल आत. जुन्या टायरची."

"पंक्चर हाय?"

"न्हाय."

"बेळकं आणलं ऐकतो. वाट झाडली. आता काटा कुटनं येणार? मंग पट्टी कशाला?"

केसरीनाथनं पुढचं चाक अंगठ्यानं दाबून बघितलं.

"मी हाय ना अजून," तो म्हणाला. "उद्या डोकं फिरलं का परत भारा वढीन. माझा भरवसा न्हाय."

लतीफनं भिंतीवरचा जुना टायर काढला, सुरी घेतली आणि त्याची तारेची कड कापून काढायला बसला.

"चाक धर," तो म्हणाला. "आन हलवू नको."