वीतभर राहिलेला गोट

मी एक गोधडी. गोधडी बोलते याचं नवल वाटून घेऊ नका. चारी बाजूंनी गोट लागून मी पुरी झाले असते, तर इतर गोधड्यांसारखी गप्प पडून राहिले असते. पण माझ्या एका कडेला वीतभर जागा अजून उघडी आहे. तिथून माझा कापूस डोकावतो, आणि तिथूनच मी बोलते.

शिवणकाम न करणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. गोधडीचे थर धावदोऱ्याने एकमेकांना धरून राहतात, पण तिच्या कडा उघड्याच असतात. त्या कडांवर तिरक्या कापलेल्या कापडाची पट्टी बसवायची, पुढून मशीनची टीप मारायची, पट्टी मागे वळवायची आणि हाताने बारीक टाके घालत चारी बाजूंनी फिरायचं. हा झाला गोट. तो लागला की गोधडी पुरी. तोवर कितीही देखणी असो, ती अर्धवटच, असं माझी मालकीण म्हणायची. म्हणायची म्हणते, कारण आता ती तसं म्हणत नाही.

मालकिणीला सगळे गोटवाली मावशी म्हणतात. रस्त्याला लागून तिची खोली, खिडकीपाशी मशीन, मधे लांबलचक टेबल, आणि पडद्याआड आतल्या खोलीत दोन खाटा. बायका महिनोन्‌महिने घरी गोधडी शिवतात आणि कोपऱ्यांशी आल्या की हात टेकतात. मग गाठोडं घेऊन मावशीकडे येतात. मावशी आधी त्यांना बोलून घेते. "ही कड आहे की घाटातला रस्ता?" म्हणते. जीभ मिरचीची, पण कोपऱ्याची घडी अशी बसवते की बोट फिरवलं तरी कळू नये.

तिची एक रीत होती. गोट लावताना शेवटची वीतभर जागा ती सोडायची आणि सुई समोरच्याच्या हातात द्यायची. "ज्याची गोधडी, शेवटचे टाके त्याचे. वाकडे आले तरी चालतील, पण तुझे पाहिजेत." एरवी सुईला न शिवणारे बाप्येसुद्धा त्या टेबलाशी बसून जीभ दातात धरून चार टाके घालायचे. शेवटी गाठ मारली की मावशी दोरा तोडायची आणि म्हणायची, "आता झाली तुझी."

माझा जन्म मात्र टेबलाखाली झाला. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कापडांचे उरलेले तुकडे मावशी टेबलाखालच्या टोपलीत टाकायची. त्यातून माझा वरचा थर जुळला. आतला कापूस दादाच्या कोटांचा.

दादा म्हणजे मावशीचा मोठा भाऊ. आईबाप लवकर गेले, तेव्हा यानेच तिला वाढवलं. पुढे तिचा संसार मोडला, ती परत आली, तर एका शब्दाने काही न विचारता त्याने दुसरी खाट आणून टाकली. उभा जन्म तो शीतगृहात हमाल होता. बाहेर ऊन मी म्हणत असलं तरी हा आत बर्फात खोकी उचलायचा. त्यासाठी कापूस भरलेले जाडजूड कोट मिळायचे. ते विरले की दादा घरी आणायचा. मावशीने ते उसवले, कापूस पिंजून घेतला आणि माझ्या पोटात भरला. दादाला एकच हौस होती. म्हातारपणी तरी मेलं उबदार झोपायचं.

मी शिवून होत आले तेव्हा एकदा तो मला उलटीपालटी करून म्हणाला, "बारके, अख्ख्या जगाच्या गोधड्या पुऱ्या करतेस. माझी पुरी केलीस की मी मरायला मोकळा."

मावशीने कात्री उगारली. "मग करतच नाही जा!"

दोघं पोट धरधरून हसली. मीही हसले असेन. तेव्हा त्यात रडण्यासारखं काहीच नव्हतं.

दिव्याखाली अंधार म्हणतात तसंच झालं. गोटवालीच्या घरातली गोधडी गोटावाचून पडून राहिली. आज हिची घाई, उद्या तिची निकड. अखेर तिने गडद निळी पट्टी कापली, पुढून मशीनची टीपही मारली. मागची हातशिलाई तेवढी राहिली. आणि दादा आजारी पडला.

छातीचं दुखणं होतं. इतक्या वर्षांची थंडी आत साचली होती म्हणा. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, "आता घरीच ठेवा. त्यांना आराम वाटेल तेवढं बघा." मावशीने मान हलवली, पण तिच्या कानात काही गेलं नाही. घरी आल्याआल्या तिने मला मांडीवर घेतलं आणि शिवायला बसली. पहिली कड झाली. दुसरी झाली. तिसरीच्या कोपऱ्याशी आली आणि तिचा हात थबकला.

पडद्यापलीकडे दादा खोकत होता.

मला तेव्हा कळलं नाही तिच्या डोक्यात काय आलं. तिने छोटी कात्री उचलली, आणि घातलेले टाके एकेक करून उसवून टाकले. सगळे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा शिवलं. दुपारी दादाचा डोळा लागला तशी पुन्हा उसवलं. मग रोजच सुरू झालं. सकाळी शिवायचं, दुपारी उसवायचं. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. गमतीतलं ते बोलणं या बाईने मनात गाठ मारून ठेवलं होतं. गोधडी पुरी झाली की दादा मोकळा. म्हणजे पुरी नाही झाली तर अडकून राहील! अगं बाई, माणूस काय दोऱ्याला बांधलेलं असतं?

आणि तिकडे दादा कुडकुडत होता. अंगावर दोन ब्लँकेटं होती, पायाशी गरम पाण्याची पिशवी होती, पण त्याचं मन माझ्यावर. हक्काचंच होतं, माझ्या पोटात त्याचेच कोट होते.

"बारके, ती गोधडी घाल गं अंगावर."

"गोट राहिलाय, दादा."

"गोट नसला तर काय बिघडतं? कड थोडीच पांघरायचीय मला?"

"अर्धवट गोधडी मी कुणाला देत नाही, तुला ठाऊक आहे. झालीच आहे. उद्या देते."

'उद्या' या शब्दाची मला तेव्हापासून चीड आहे.

आम्हा गोधड्यांचं एक खरं सांगते. आम्ही ऊब देत नाही. लोकांना वाटतं देतो, पण आमच्याजवळ असते कुठे? माणसाच्या अंगातली ऊब आम्ही राखतो, बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. त्या दिवसांत दादाच्या अंगात ऊब होती. रोज थोडी थोडी निघून चालली होती. मी चार हातांवर टेबलावर पडलेली. मला राखता आली असती! पण मला हात ना पाय. मी नुसती तळमळले. या बाईचा मला इतका राग आला की तिच्या बोटात सुई रुतली तेव्हा मला वाईट वाटलं नाही.

गल्लीच्या टोकाला राहणारी नर्सबाई त्याला इंजेक्शन द्यायला यायची. एका सकाळी जाता जाता तिने माझी कड हातात घेतली, उजेडाकडे धरली.

"मावशी, गेल्या आठवड्यात तुम्ही इथवर पोचला होतात ना? आणि या पट्टीची तर पार चाळण झालीये. किती वेळा उसवलीत?"

"तुमची सुई तुम्ही बघा, माझी मी बघते!" मावशी कडाडली.

नर्सबाईने माझी कड खाली ठेवली. मग हळू म्हणाली, "त्यांचे पाय हातात घेऊन बघा एकदा. बर्फ झालेत." आणि गेली.

मावशी पडदा सारून आत गेली. पडदा बाजूलाच राहिला, म्हणून मला सगळं दिसलं. तिने दादाचे पाय हातात घेतले आणि चोळू लागली.

दादा डोळे न उघडता म्हणाला, "तिला ओरडू नकोस. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुझं उसवणं. टाका तुटला की टक्‌ करून वाजतो. दुपारी मी झोपलेलो नसतो, बारके."

तिचा चेहरा मला सांगता यायचा नाही. "मग... बोलला का नाहीस?"

"तुला त्यात धीर वाटत होता. म्हटलं, चालू दे. सगळा जन्म थंडीत काढला, अजून थोडी काढू. पण आता नाही गं सोसवत. हाडंसुद्धा गारठली."

मावशी हमसून हमसून रडायला लागली. "पुरी केली आणि तू..."

"वेडाबाई! गंमत केली होती मी. गोट लावला म्हणून कुणी मरतं का? आणि नाही लावला म्हणून कुणी जगतं का?"

त्यानंतर तिने जे केलं तसं शिवणकाम मी पाहिलेलं नाही. त्याच्या खाटेशी जमिनीवर बसून, नाक पुसत, एकदाही न थांबता तिने टाके घातले. दारात दोन गिऱ्हाइकं येऊन उभी राहिली आणि परत गेली. चारही कोपरे वळले. मग वीतभर जागा राहिली आणि रीतीप्रमाणे तिने सुई दादाच्या हातात दिली.

बाई गं, आता तरी रीत सोडायचीस! मी ओरडून सांगत होते. पण दादालाच ती सुई हवी होती. त्याने एक टाका घातला, लांबलचक, वाकडा. दुसरा घातला, तो त्याहून वाकडा. तिसऱ्याला सुई कापडात खुपसली आणि हात खाली पडला.

"उरलेली उद्या," तो हसून म्हणाला. "घाल आता."

तिने मला त्याच्या अंगावर घातलं. गळ्यापाशी खोचलं, पायाखाली दुमडलं. माझ्या जन्माचं सार्थक व्हायची ती घडी. मी त्याच्या अंगाला चिकटून त्याची ऊब शोधू लागले.

ऊब नव्हतीच. होती ती नखभर, तीही विझत चाललेली. राखायला माझ्या हाती काही उरलंच नव्हतं.

मावशीने विचारलं, "बरं वाटतं का रे, दादा?"

"आत्ता कशी ऊब आली," दादा म्हणाला. "छान केलीस हो गोधडी."

खोटं बोलला. माझ्याखाली तो तसाच थंड होता, हे मला ठाऊक आहे, त्याला ठाऊक होतं. फक्त तिलाच ठाऊक नाही. सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा कप हातातच राहिला.

त्याला नेलं. नर्सबाईने माझी घडी घातली आणि आतल्या खोलीतच वरच्या फळीवर ठेवली. तिसऱ्या टाक्याची सुई अजून माझ्यात आहे, गंज धरलेली.

मावशी अजूनही गोट लावते, पोटासाठी काही तरी करायलाच हवं. पण तिची रीत बदलली. परवाच एक बाई गाठोडं घेऊन आली. सासऱ्यांसाठी गोधडी शिवलीय, म्हणाली.

"तब्येत कशी आहे त्यांची?"

"तोळामासाच. म्हणून तर मावशी, जरा लवकर..."

मावशीने गाठोडं उघडलंसुद्धा नाही. तसंच तिच्या हातात परत कोंबलं. "गोट राहू दे. आत्ता घरी जा आणि अंगावर घाल त्यांच्या. कडा फाटतील, कापूस निघेल, निघू दे. थंडी संपली की घेऊन ये, मी सगळं नीट करून देईन. जा म्हणते ना!"

बाई बावरून गेली. ती वळल्यावर मावशी कितीतरी वेळ रिकाम्या टेबलाला हात लावून उभी होती, पडद्याच्या फटीतून मला दिसलं. माझा तिच्यावरचा राग त्या दिवशी गेला.

आता माझं एकच मागणं आहे. मावशी हल्ली दादाच्या खाटेवर झोपते. अंगावर एक विटकी चादर, तीही पुरत नाही. गुडघे पोटाशी घेऊन पडते, मधूनच डोळे उघडून फळीकडे बघते आणि कूस बदलते. मला काढत नाही. 'दादाची आहे,' असं म्हणते. शेवटचे टाके ज्याचे, त्याची गोधडी. स्वतःच्याच रीतीत अडकून बसली आहे बिचारी.

तुम्ही केव्हा तरी गाठोडं घेऊन तिच्याकडे याल. ती तुम्हाला बोलेल, ते मनावर घेऊ नका. आत पडद्यामागे डाव्या हाताला फळी आहे, मी तिच्यावर आहे. मला खाली ओढा. उघड्या वितीकडे बघू नका, सुई तेवढी जपून काढून टाका. ती नको नको म्हणेल, तिला म्हणू द्या आणि मला तिच्या अंगावर घाला. तिच्या अंगात अजून ऊब आहे. ती आहे तोवर या.