कुंपणाशेजारचं मीठ

जमिनीला चिकटून वाढणारी ती हीथ नावाची खुरटी वनस्पती मी लहानपणापासून तुडवत आले होते. इवलाली पांढरी फुलं, मग लाल फळं. आमच्या गुरांना तिचं काही सोयरसुतक नव्हतं, म्हणून आम्हालाही नव्हतं. वनस्पतींचा अभ्यास करणाऱ्या ट्रेगिअरबाई मात्र दर जानेवारीत मेलबर्नहून माळावर यायच्या आणि तारेच्या कुंपणात राखलेल्या तुकड्यात पालथ्या पडून पट्टीने ती मोजायच्या. चौदा वर्षांत वीतभर वाढली होती.

"काय बाई, अंडी उबली का?" हेक्टरकाका विचारायचा.

"तुझी गुरं लांब ठेव, म्हणजे उबतील," बाई फणकारायच्या.

त्या डिसेंबरात मी मीठ घेऊन निघाले आणि धुकं उतरलं. गुरांचं मीठ ठेवायचे सपाट खडक अजून मैलभर पुढे होते. बूट भिजलेले, अंगात आळस. कोण बघतंय, म्हणून मी कुंपणाशेजारच्या दगडांवरच पोतं रिकामं केलं आणि हाक दिली, "सॉऽऽल्ट! सॉऽऽल्ट!"

माझी आणि काकाची मिळून साठ-सत्तर गुरं मिठासाठी धावत आली. रेटारेटीत कुंपण आडवं झालं. ती पांगली तेव्हा आत नुसता चिखल होता.

जानेवारीत बाई त्या चिखलात बसून बोटांनी मुळं शोधत राहिल्या. मला एकही शिवी मिळाली नाही, कारण त्यांना काकाचाच संशय आला. "हेक्टरनं मुद्दाम मीठ टाकलं इथे," त्या चराई-अधिकाऱ्याला म्हणाल्या. मी शेजारीच घोडा धरून उभी होते. काकाचा टवाळखोर स्वभाव सगळ्यांना ठाऊक. त्याचा परवाना रद्द झाला, माझा राहिला.

काका आपली गुरं कायमची खाली न्यायला निघाला, तेव्हा मला राहवेना.

"काका, मी बाईंना खरं सांगून येते."

"काय सांगणार? मी ओढ्यापाशीच होतो त्या दिवशी. तुझी हाक ऐकलीय मी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. "मग बोलला का नाहीस?"

"माझे गुडघे गेलेत, नेल. तुझं सगळं व्हायचंय अजून. गप्प बस आता."

मी गप्प बसले. तो म्हणाला म्हणून नाही. मला तेच हवं होतं.