बशीखालचा ग्लास

“सहाचा सेट, वापरायला पाच. सहावा आपला बशी डोक्यावर घेऊन बसलाय, रुसलेल्या जावयासारखा,” भांडी पुसता पुसता मावशी पुटपुटली.

पुटपुटली आणि जीभ चावली. तिची ताई मागेच उभी होती. ताईने ऐकल्याचं दाखवलं नाही. फडताळातून तो ग्लास दोन्ही हातांनी काढला, बशी उचलून स्वतः हुंगला आणि खिडकीपाशी बसलेल्या नवऱ्यासमोर धरला.

“अहो, आज काय येतंय?”

पिंपात मुरणारी व्हिस्की हुंगून ती तयार झाली की नाही ते सांगणं, यात भावोजींची उभी हयात गेली होती. स्वतःला बढती मिळाली तेव्हा मुलाने त्यांच्यासाठी चाळीस वर्षं मुरलेली सिंगल माल्ट व्हिस्की आणली.

“बाबा, ही माझ्याहून वयाने मोठी आहे.”

“मग अहो-जाहो कर तिला,” ताई म्हणाली होती.

तिघांनी घोट घोट घेतली. ताईला ठसकाच लागला. जुन्या माल्टची खरी ओळख रिकाम्या ग्लासात पटते, भावोजी म्हणाले; धुवायचा नाही, झाकून ठेवायचा, सकाळी हुंगायचा. मुलाने आपला ग्लास बशीने झाकला. पहाटे घाईत गाडी काढून तो कामावर निघाला, हुंगायचं राहूनच गेलं. दुपारी फोन आला.

तेव्हापासून रोज सकाळी ताई विचारायची आणि भावोजी डोळे मिटून सांगायचे. मध. जुन्या कपाटाचं लाकूड. संत्र्याची वाळलेली साल. मागे कुठेतरी धूर.

नंतर मावशी मदतीला आली आणि आल्या आल्या, कामाच्या झपाट्यात, तो ग्लास साबणाने लख्ख धुऊन बसली. वळून बघते तर दारात भावोजी. त्यांनी ग्लास तिच्या हातून घेतला, कोरडा केला, जागेवर ठेवला, वर बशी. दुसऱ्या सकाळी म्हणाले, “मध. आज जरा जास्तच.” मावशी नळाखाली हात धरून नुसती उभी राहिली.

आजही त्यांनी डोळे मिटले.

“मध,” ते म्हणाले. “आणि… आणि लाकूड…” पुढचं काही सुचेना. त्यांनी ग्लास हातात घेऊन पुन्हा नाकाशी नेला.

ताईने ग्लास अलगद काढून घेतला.

“पहिले दोन दिवस साबणाचा वास यायचा. आता तोही येत नाही.”

मावशीच्या हातातलं फडकं थांबलं.

“तुला कळत होतं?” भावोजींनी विचारलं. “मग रोज विचारायचीस कशाला?”

“दिवसभरात तेवढंच तर बोलत होता तुम्ही.”

बशी तिने इतर बशांवर ठेवली. ग्लास बहिणीच्या हातात दिला.

“हा त्या पाचांत लाव गं.”

मग ती नवऱ्याशेजारी बसली, त्यांचा हात आपल्या हातात घेऊन.

“अहो,” ती म्हणाली, “आपला मुलगा गेलाय.”